चार्टर मिडल स्कूलची लॉटरी: मराठी आईबाबांना पडणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) मराठी घरांत एक नवीन विषय सुरू होतो. ज्यांची मुलं पाचवीत आहेत त्यांचे फोन यायला लागतात, "ताई, सहावीसाठी चार्टरचा फॉर्म भरायचाय, काय काय लागतं?" या शाळांत जागा चिठ्ठ्या काढून, म्हणजे लॉटरीने मिळतात. माझी दोन्ही मुलं त्यातून गेली. मुलीचं नाव लागलं नाही, मुलाचं वेटलिस्टवरून लागलं. फोनवर जे पुन्हा पुन्हा सांगते ते इथे एकत्र लिहिते आहे. अनुभव कॅलिफोर्नियाचा आहे. न्यूयॉर्क किंवा वॉशिंग्टन डीसीत पद्धत वेगळी असेल तिथे तसं सांगितलं आहे.

चार्टर स्कूल म्हणजे खासगी की सरकारी?

सरकारी पैशावर चालणारी, फी नसलेली सार्वजनिक शाळा. फक्त ती चालवणारं मंडळ स्वतंत्र असतं. डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था), काउंटी किंवा राज्याकडून त्या मंडळाला ठरावीक वर्षांसाठी परवाना मिळतो, तोच चार्टर. मुदत संपली की काम तपासून नूतनीकरण होतं, आणि काम समाधानकारक नसेल तर शाळा बंदही होते. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला, पहिली शाळा तिथेच सेंट पॉलमध्ये १९९२ ला उघडली. कॅलिफोर्नियाचा कायदा १९९२ चा, न्यूयॉर्कचा १९९८ चा.

मॅग्नेट स्कूल, म्हणजे एखाद्या खास विषयावर भर देणारी सरकारी शाळा, वेगळी. ती डिस्ट्रिक्टच चालवतं आणि तिचा अर्जही डिस्ट्रिक्टकडेच जातो. "आम्ही डिस्ट्रिक्टचा फॉर्म भरलाय, त्यात चार्टरही आलं असेल" असं समजून बसलेली दोन घरं मला माहीत आहेत. बहुतेक ठिकाणी ते त्यात येत नाही. न्यूयॉर्क शहरात तर मिडल स्कूलचा शहराचा अर्ज एक आणि चार्टरचा दुसरा.

मग सोडत कशाला? मार्क बघून का घेत नाहीत?

कारण कायदा तसं करू देत नाही. कॅलिफोर्नियात यायची इच्छा असलेल्या प्रत्येक मुलाला घ्यायचं, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सर्वांसमक्ष चिठ्ठ्या काढायच्या, असा नियम आहे. प्रवेश परीक्षा नाही, मुलाखत नाही, मागच्या वर्षीचं रिपोर्ट कार्ड नाही. केंद्राचं चार्टरसाठीचं अनुदान घेणाऱ्या शाळांनाही अर्ज जास्त झाले की सोडत काढावी लागते.

आपल्याकडच्या पालकांना हे पचायला सर्वांत जड जातं. आपण स्कॉलरशिपच्या परीक्षा, नवोदयच्या परीक्षा देत वाढलो. मुलगा गणितात हुशार आहे, सायन्स फेअरमध्ये बक्षीस मिळालंय, हे शाळेला कसं कळवायचं असं विचारतात. कळवायची सोय नाही आणि गरजही नाही. तुमच्या मुलाचं नाव ज्या यादीत आहे, त्याच यादीत वाचायला अजून अडखळणाऱ्या मुलाचंही आहे आणि दोघांची चिठ्ठी सारखीच. मला ही पद्धत मनापासून योग्य वाटते, माझ्याच मुलीचं नाव त्यात राहिलं तरीही.

नाव लागण्याची शक्यता किती?

शाळा सांगते, "सहावीच्या १०० जागा आहेत." हा आकडा ऐकून थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा: शाळा कितवीपासून सुरू होते?

शाळा सहावी ते आठवी असेल तर सगळ्या जागा नव्या मुलांसाठी. पण बालवाडी ते आठवी असेल तर तिचीच पाचवीतली मुलं वर चढतात, त्यांना सोडत लागू नाही. उदाहरण म्हणून हिशोब मांडते. १०० जागा, त्यातली ६० मुलं आतलीच. मग भावंडांचं प्राधान्य, धरा १२. उरल्या २८. शाळेच्या डिस्ट्रिक्टमध्ये राहणाऱ्यांना प्राधान्य असेल आणि तुम्ही बाहेरचे असाल तर त्या २८ मधूनही आधी त्यांचे जातील. म्हणून ऑफिसला फोन करून असं विचारा: "मागच्या वर्षी भावंडं सोडून बाहेरच्या किती मुलांना सहावीत जागा मिळाली, आणि वेटलिस्ट कितव्या नंबरापर्यंत सरकली?" माझ्या अनुभवात ऑफिसमधल्या बाई हे न कुरकुरता सांगतात.

दुसरी गोष्ट, एका शाळेवर विसंबू नका. समजा एकेका शाळेत पाचात एक अशी शक्यता आहे आणि प्रत्येक शाळा आपली सोडत स्वतंत्र काढते. तीन शाळांना अर्ज केला तर कुठेतरी नाव लागण्याची शक्यता साधारण ४९ टक्के होते, पाच शाळांना केला तर ६७. मात्र जिथे रोज नेणं-आणणं खरंच जमेल अशाच शाळा धरा. चार्टरला बस असेलच असं नाही. आमच्या ओळखीतल्या एका घराने तासाभराच्या अंतरावरची जागा आनंदाने घेतली आणि हिवाळा संपायच्या आत सोडली.

प्राधान्य कुणाकुणाला मिळतं?

त्याच शाळेत शिकणारी मुलं सोडतीच्या बाहेरच असतात. नंतर साधारणपणे भावंडं, शाळेच्या कर्मचाऱ्यांची मुलं आणि त्या डिस्ट्रिक्टचे रहिवासी. काही शाळा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना आधी जागा देतात किंवा त्यांच्या नावाला जास्त वजन देतात. न्यूयॉर्कमध्ये भावंडं आणि आपल्या कम्युनिटी स्कूल डिस्ट्रिक्टमधली मुलं आधी. नेमका क्रम प्रत्येक शाळेच्या चार्टरमध्ये लिहिलेला असतो आणि तो तुम्ही मागू शकता.

जुळी मुलं आहेत. एकाचं लागलं आणि दुसऱ्याचं नाही तर?

एकाचं नाव लागलं की दुसऱ्याला भावंडाचं प्राधान्य मिळतं, पण जागाच संपल्या असतील तर तो वेटलिस्टच्या वरच्या टोकाला थांबतो. काही शाळा जुळ्यांची एकच चिठ्ठी टाकतात. अर्ज भरायच्या आधी विचारा.

अर्ज कधी भरायचा?

कॅलिफोर्नियात एक तारीख नाही. बऱ्याच शाळांचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात उघडतो, जानेवारी ते मार्चमध्ये बंद होतो आणि सोडत त्यानंतर निघते. न्यूयॉर्कमध्ये अर्जाच्या मुदतीसाठी १ एप्रिल ही तारीख लक्षात ठेवायची. वॉशिंग्टन डीसीत आठवीपर्यंतच्या अर्जांची मुदत मार्चच्या सुरुवातीला असते आणि निकाल महिनाअखेरीस.

पहिल्या दिवशी भरलेला आणि शेवटच्या दिवशी भरलेला अर्ज सोडतीत सारखाच. पण मुदतीनंतर एका तासानेही आला तर तो साधारणपणे वेटलिस्टच्या तळाशी जातो. मी फ्रीजवर एक कागद लावला होता: शाळा, मुदत, सोडतीचा दिवस, जागा स्वीकारायची शेवटची वेळ, कुठला ईमेल दिला. पाचही रकाने महत्त्वाचे आहेत, शेवटचा सगळ्यात जास्त. अर्ज बाबांच्या ऑफिसच्या ईमेलवरून भरला आणि मधे नोकरी बदलली, तर पत्र कुठे येणार?

आणि एका मुलाचा एका शाळेत एकच अर्ज. आईने एक, बाबांनी एक असे दोन भरले तर जास्तीचा रद्द होतो, कुठे कुठे दोन्ही.

आम्ही एच-४ वर आहोत. व्हिसा विचारतात का?

नाही. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की इमिग्रेशनच्या कागदांवरून मुलाला सार्वजनिक शाळा नाकारता येणार नाही. चार्टर सार्वजनिकच आहे. एच-४, एल-२ (इथे कामाला आलेल्यांच्या कुटुंबाचे व्हिसा), ग्रीन कार्डच्या रांगेत असलेले, सगळे सारखे. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अडत नाही. मोफत शाळेत मूल घातल्याने पुढे ग्रीन कार्डला अडचण येईल ही भीती मी खूप जणांच्या बोलण्यात ऐकली आहे. सार्वजनिक शाळेतलं शिक्षण त्या हिशोबात धरत नाहीत.

मावशीचं घर त्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे. तिचा पत्ता दिला तर चालेल?

नाही चालणार. जागा मिळाल्यावर भाडेकरार, विजेचं बिल असं काहीतरी दाखवावं लागतं, आणि खोटा पत्ता उघड झाला तर जागा जाते. ऑक्टोबरात, वर्गात मित्र झाल्यावर जाते, आणि त्याची किंमत मूल भरतं. कॅलिफोर्नियात राज्यात कुठेही राहत असलात तरी चार्टरला अर्ज करता येतो, फक्त प्राधान्य मिळत नाही. खरेच मावशीकडे राहत असाल तर गोष्ट वेगळी. तसं शाळेला सांगा, त्यासाठी साधं प्रतिज्ञापत्र असतं.

शाळांचा क्रम लावताना चलाखी करावी का?

जिथे प्रत्येक शाळेची सोडत वेगळी तिथे क्रमाचा प्रश्नच येत नाही. डीसीत मात्र 'माय स्कूल डीसी' हा एकच सामायिक अर्ज आहे, त्यात १२ शाळा पसंतीक्रमाने लिहिता येतात. तिथे लोक विचार करतात की पहिल्या नंबरची शाळा मिळणं कठीण, मग सोपी शाळा वर लिहू या. असं करू नका. यामागची जुळणी अशी बांधलेली आहे की वर लिहिलेली कठीण शाळा मिळाली नाही म्हणून खालच्या शाळेतली तुमची संधी कमी होत नाही. ही कल्पना गेल आणि शॅपली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडली, पुढे आल्विन रॉथ यांनी ती शाळाप्रवेशांसाठी वापरात आणली. शॅपली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुम्हाला एवढंच करायचंय: मनात जो क्रम आहे तोच लिहायचा. डीसीत जी शाळा मिळते तिच्या वर लिहिलेल्या शाळांच्या वेटलिस्टवर तुम्ही राहता, खालच्या गळून जातात. म्हणून नको असलेली शाळा "असू दे" म्हणून वर लिहिणं महागात पडतं.

ओपन हाउसला गेलो, देणगी दिली, स्वयंसेवक झालो तर फायदा?

सोडतीत शून्य. कॅलिफोर्नियात पालकांनी अमुक तास काम करावं ही प्रवेशाची अट असू शकत नाही, आणि शाळेने तसं पालकांना कळवायचं असतं. ओपन हाउसला जरूर जा, पण तुम्ही शाळा बघायला जाता, शाळा तुम्हाला बघायला नव्हे. मधल्या सुट्टीत मुलं कशी वागतात ते बघा. सातवीच्या मुलाला विचारा, गृहपाठ किती असतो. मी एका शाळेत वाचनालय कुठे आहे विचारलं तर ते नव्हतंच. आमच्या यादीतून ती शाळा तिथेच गेली.

सोडत बघायला मुलीला न्यावं का?

मी नेलं होतं. आज पुन्हा वेळ आली तर नेणार नाही.

शाळेच्या कॅफेटेरियात पडद्यावर नंबर येत होते. तिच्या हातात आमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, दुसऱ्या हातात पेन्सिल. येणारा प्रत्येक नंबर ती कागदावर लिहीत होती. जागा संपल्या, मुख्याध्यापिकांनी "आता वेटलिस्ट" म्हटलं, तरी ती लिहीतच राहिली. ४३ वर आमचा नंबर आला. गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होती. हायवेला लागल्यावर म्हणाली, "आई, टूरला त्या सरांनी प्रश्न विचारला तेव्हा मी उत्तर दिलं नाही. म्हणून का?"

ते सर फक्त वाटेत भेटले होते. रोपांच्या कुंड्यांपाशी उभं राहून त्यांनी सहज विचारलं होतं, तुला कुठला विषय आवडतो. आणि माझं लेकरू दोन महिने मनात धरून बसलं होतं की ती परीक्षा होती. मी गाडी बाजूला घेतली आणि तिला समजावलं, पण हे आधीच सांगायला हवं होतं.

त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशीच मुलांना सांगा: कुणी तुला तपासत नाहीये, चिठ्ठी निघाली तर तू शहाणा म्हणून नाही आणि नाही निघाली तर तू कमी म्हणून नाही. घरी फासे किंवा पत्ते काढून दाखवा, दहा वर्षांच्या मुलाला लगेच कळतं. आणि "लागेलच तुझं, देवाला नारळ बोललाय" असं त्याच्या देखत म्हणू नका. सोडतीला हजर असणं साधारणपणे सक्तीचं नसतं. तुम्ही एकटे जा, नाहीतर निकालाच्या ईमेलची वाट बघा.

वेटलिस्टवर नाव आहे. आशा धरावी का?

धरावी, पण शेजारच्या मिडल स्कूलमध्ये नाव घालून मग. तो प्रवेश सोडून वाट बघत बसू नका. चार्टरची जागा घेतली की तो सोडता येतो.

वेटलिस्ट दोनदा जोरात सरकते. एकदा सोडतीनंतर पंधरा दिवसांत, कारण एकाच मुलाला दोन-तीन शाळा मिळालेल्या असतात आणि नको त्या सुटतात. दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होते तेव्हा. कोणी गाव बदललेलं असतं, कोणी नुसतंच आलेलं नसतं. कॅलिफोर्नियात शाळेला पैसा रोजच्या हजेरीवर मिळतो, म्हणून बाक रिकामा राहिलेला शाळेला परवडत नाही आणि ऑफिस यादी घेऊन फोन करत सुटतं. तुम्हाला उत्तर द्यायला एखादा दिवसच मिळतो.

मुलाच्या वेळी आमचा नंबर १९ होता. शाळा सुरू होऊन आठवडा झालेला. मी इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबिरीची जुडी निवडत होते आणि फोनवर एक व्हॉइसमेल दिसला, आदल्या संध्याकाळचा. अनोळखी नंबर बंद करून ठेवायची सोय मीच चालू केली होती. उत्तराची मुदत संपायला दोन तास उरले होते. जुडी तिथेच ठेवून मी बाहेर येऊन फोन लावला. तेव्हापासून सगळ्यांना सांगते: शाळांचे नंबर फोनमध्ये नावाने साठवा, ऑगस्टभर स्पॅमचं फोल्डर रोज उघडा, आणि भारतात सुट्टीला गेला असाल तर इथला नंबर चालू ठेवा. जूनमध्ये पुण्याला गेलेल्या आणि सिम बदललेल्या घरांच्या जागा अशाच जातात.

नाव लागलं! आता कागदपत्रं कुठली?

जन्माचा दाखला किंवा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, लसींची नोंद, आधीच्या शाळेचे कागद. महापालिकेचा दाखला बहुधा मराठी-इंग्रजी दोन्हींत असतो, तेवढा पुरतो.

लसींकडे मात्र आधीपासून बघा, भारतातून नुकत्याच आलेल्या घरांचं घोडं इथे अडतं. कॅलिफोर्नियात गोवर, गालगुंड आणि रुबेला यांचे एकत्र दोन डोस लागतात आणि ते पहिल्या वाढदिवसानंतरचे हवेत. आपल्याकडे पहिला डोस नवव्या महिन्यात होतो, तो धरत नाहीत. सरकारी दवाखान्यातल्या एमआर लशीत गालगुंड नसतं. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, इथे तिचे दोन डोस मागतात. सातवीत जाताना टीडॅपचा (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) बूस्टर दाखवावा लागतो. आणि "आमचा विश्वास नाही" म्हणून सूट २०१६ पासून मिळत नाही. मूल पाचवीत असतानाच डॉक्टरांकडून सगळं कार्ड इथल्या नोंदीत चढवून घ्या.

मुलाचं आयईपी आहे. अर्जात सांगावं का? घेतील ना?

आयईपी म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने लेखी ठरवलेली शिक्षणाची योजना. अर्जात सांगायची गरज नाही आणि त्यावरून नाकारताही येत नाही. विशेष गरजांच्या मुलांचा केंद्रीय कायदा चार्टरलाही लागू आहे. कॅलिफोर्नियात २०१९ च्या बदलानंतर प्रवेश होण्याआधी शाळा मुलाची कागदपत्रं मागू शकत नाही, आणि "आमच्याकडे तुमच्या मुलाला जमणार नाही बहुतेक" असं गोड बोलून परतवूही शकत नाही. माझ्या मैत्रिणीला एका शाळेत अगदी याच शब्दांत सांगितलं गेलं. ती "बरं" म्हणून परत आली, कारण आपल्याला शाळेशी वाद घालायची सवय नाही. तुम्हाला असं कुणी म्हटलं तर ते लेखी मागा. अशा तक्रारीसाठी राज्याच्या शिक्षण विभागाचा वेगळा फॉर्म आहे आणि तो शाळेच्या वेबसाइटवर असायला हवा.

जागा नक्की झाल्यावर मात्र लगेच आयईपी द्या आणि बैठक मागा. कुठले शिक्षक, आठवड्याला किती वेळ, स्पीच थेरपी शाळेतच की बाहेर, हे पहिल्या दिवसाआधी ठरलेलं बरं.

चार्टर शाळा खरंच चांगल्या असतात का?

काही फार चांगल्या, काही साधारण. सोडतीमुळे हे तपासायला एक नैसर्गिक सोय झाली आहे, कारण नाव लागलेली आणि न लागलेली मुलं बाकी सगळ्या बाबतींत सारखीच असतात, फरक चिठ्ठीचा. अमेरिकेच्या शिक्षण विभागासाठी २०१० मध्ये असा एक मोठा अभ्यास झाला, खास चार्टर मिडल स्कूलचा: १५ राज्यांतल्या ३६ शाळा. सरासरीने बघता गणित-वाचनाच्या गुणांत फरक दिसला नाही. पण सरासरीच्या आत चित्र वेगळं होतं. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना गणितात फायदा झाला, तर सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांचे गुण उलट घसरले. बॉस्टनच्या सोडतींवर झालेल्या अभ्यासात मात्र तिथल्या चार्टर मिडल स्कूलमध्ये मोठी वाढ दिसली.

आपल्यापैकी बरेच जण, दोन पगार, घरात पुस्तकं, चांगल्या डिस्ट्रिक्टमध्ये घर, अशा स्थितीत असतात. त्यांनी त्या ३६ शाळांच्या अभ्यासाचा निष्कर्ष दोनदा वाचावा असं मला वाटतं. "चार्टर" या शब्दामागे न धावता ती विशिष्ट शाळा आणि तुमची शेजारची शाळा समोरासमोर ठेवून बघा.

आजी-आजोबा विचारतात, "लॉटरीत शाळा? डोनेशन किती दिलं?" काय सांगू?

आरटीईची सोडत आठवून द्या, त्यांना पटकन कळतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात, आणि महाराष्ट्रात त्या ऑनलाइन सोडतीने भरतात. शेजारपाजारचं कुणी ना कुणी त्या एसएमएसची वाट बघत बसलेलं त्यांनी पाहिलेलं असतं. फरक एवढाच की तिथे उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला लागतो आणि सोडत सुरुवातीच्या वर्गासाठी असते. इथे सोडतीसाठी असा दाखला लागत नाही आणि सहावीतही चिठ्ठी निघते. डोनेशन दोन्हीकडे नाही.

नाव लागलं नाही. सातवीसाठी पुन्हा अर्ज करावा का?

करता येतो, पण नवीन अर्ज करावा लागतो. बहुतेक शाळांत वेटलिस्ट त्या वर्षापुरतीच असते, जुना नंबर पुढे येत नाही. सातवीत जागा फक्त कोणी सोडून गेलं तरच होते, आणि काही शाळा वरच्या वर्गांत नवीन मुलं घेतच नाहीत. तेव्हा आधी फोन करून विचारा.

त्याहून आधी मुलाला विचारा. आमची लेक शेजारच्या मिडल स्कूलमध्ये गेली. तिथे ऑर्केस्ट्रा होता, पहिल्याच महिन्यात शाळेने तिला घरी न्यायला चेलो दिला. तिच्याएवढीच उंची असलेलं ते धूड ती रोज बसथांब्यापर्यंत ओढत न्यायची. जानेवारीत मी सातवीचा फॉर्म उघडला आणि तिला हाक मारली. ती चेलोला राळ लावत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या शाळेत ऑर्केस्ट्रा आहे का?" नव्हता. मी फॉर्म बंद केला.